रामल्याचं कापड

"ओगले, ही वर्तमानपत्रं उचल आधी," झिराडकर बाई म्हणाल्या, आणि मी निमूट उचलली.

खरं तर संदर्भ विभागाची मी प्रमुख. टेबलावर काय असावं आणि काय नसावं हे मी ठरवायचं, आणि पिशवी घेऊन आत घुसलेल्या वाचकाला बाहेरचा रस्ता दाखवायचा तोही मीच. पण जिने शाळेत चार वर्षं शिवण शिकवलं, टाका जरा इकडेतिकडे झाला की अख्खा रुमाल उसवायला लावला, ती बाई समोर उभी राहिली की अधिकार-बिधिकार कुठच्या कुठे जातो. मी टेबल पदराने पुसलंसुद्धा.

बाईंनी पिशवीतून उशीचा अभ्रा काढला आणि अभ्र्यातून एक कापड. काळपट निळं, जाड, साधारण छातीभर रुंदीचं, आणि त्यावर लाल रेशमाचे फुलीचे टाके इतके दाट की खालचं कापड दिसायचं मुश्किलीने.

"ही कुणाची वस्तू आहे, ते मला शोधून दे."

"म्हणजे काय बाई? कुठली आहे ही?"

"रामल्याची. इस्रायलमधलं गाव. पन्नास साली आम्ही तिकडे गेलो होतो, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. सरकारने आम्हाला तिथे घर दिलं. रिकामं. अरबांचं होतं. सोडून गेले म्हणून सांगितलं आम्हाला. मग शेजारणींकडून कळलं, गेले कसले, घालवले. त्या घरात मिळालं मला हे."

बाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. मूळ अलिबागजवळच्या झिराडच्या. घरात मराठी, गळ्यात काळी पोत, नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा. शाळेत आम्हा पोरींना एवढंच ठाऊक होतं की शनिवारी बाईंचा तास नसतो, म्हणून शनिवार आमचा लाडका. बाई मध्ये तीन वर्षं परदेशात राहून आल्या आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"परत का आलात मग?"

"ह्यांना काम धड मिळेना आणि मला करमेना. समुद्र जवळ होता म्हणायचा, पण आपला नव्हता. आलो परत. येताना सगळं टाकलं, हे टाकवेना. तेव्हापासून माझ्या पेटीत आहे."

"आणि आज अचानक?"

"अचानक नाही गं. हे गेले, आता मुलगा, शिमशोन, तिकडे बोलावतोय, अश्दोदला, कायमचं. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. घर आवरताना पेटी उघडली." त्यांनी कापडावरून हात फिरवला. "दुसऱ्याच्या घरातलं उचललं, इकडे आणलं, आणि आता पुन्हा तिकडे नेऊन माझ्याच कपाटात ठेवायचं? माझ्याच्याने होणार नाही ते. ज्या पोरीने हे भरलं तिला नाहीतर तिच्या माणसांना ते मिळायला हवं. तुझ्याकडे एवढी पुस्तकं आहेत. शोध."

"बाई, हे ग्रंथालय आहे, पोलीस चौकी नाही."

"ते दिसतंय मला. पुस्तकं चौकीत असती तर तिथे गेले असते."

झालं. बसले मी शोधायला.

आता ज्यांनी जुन्या ग्रंथालयात कधी काही शोधलं नाही त्यांना सांगते, तेव्हा संगणक नव्हते. लाकडी खण, खणांत कार्डं. मी 'प'चा खण ओढला. पॅलेस्टाईन. चारदोन कार्डं, आणि शेवटच्या कार्डावर: 'पाहा – इस्रायल'. गेले 'इ'च्या खणाकडे. इस्रायल. भरपूर कार्डं, आणि एका कार्डावर: 'सन १९४८ पूर्वीसाठी पाहा – पॅलेस्टाईन'. दोन्ही कार्डं माझ्या आधीच्या साहेबांच्या सुरेख अक्षरातली. वाचकाने या खणातून त्या खणात आणि त्या खणातून या खणात फिरत बसायचं! मी त्या भल्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग कपाटं. इस्रायलच्या कपाटात शेती, ठिबक, लढाया, आणि पवित्र भूमीची प्रवासवर्णनं, ज्यांत लेखक विमानतळावर उतरल्यापासून भारावलेला. पॅलेस्टाईनच्या नावाने होत्या त्या बहुतेक पातळ पुस्तिका, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी फुकट पाठवलेल्या, मुखपृष्ठावर काटेरी तारा आणि आत एकाला सूची असेल तर शपथ. एक पुस्तक म्हणे लोक आपणहून गेले, दुसरं म्हणे बंदुकीच्या धाकाने काढले, तिसरं त्या वर्षावरून उडीच मारून पुढच्या वर्षात. इंग्रजांच्या अमदानीतली एक खानेसुमारी मिळाली. गावं होती, माणसांचे आकडे होते, घरमालकांची नावं कशी असणार? नकाशे काढले तर आणखी आनंद. एकाच टेकडीला एका नकाशात एक नाव, दुसऱ्यात दुसरं, आणि तिसऱ्यात नुसती टेकडी. अठ्ठेचाळीसच्या जुलै महिन्याच्या आपल्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली धूळ झटकून उघडल्या. लिद्दा आणि रामले पडल्याची बातमी होती. चार ओळी. खाली दाढीच्या साबणाची जाहिरात.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. बाई एक दिवसाआड यायच्या, टेबलासमोर उभ्या राहायच्या.

"काय झालं, ओगले?"

"शोधतेय बाई."

"हं."

तो 'हं' मला शाळेपासून ओळखीचा. उरलेला दिवस खराब जायचा.

शेवटी एका पाद्र्यांच्या विद्यालयाच्या ग्रंथसंग्रहात एक जुनं पुस्तक हाती लागलं. कुणा मिशनरीच्या बायकोने तिकडच्या खेड्यांतल्या बायकांच्या पोशाखाची चित्रं काढली होती, हाताने, बारीक. त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की तिकडे झग्याच्या छातीवर जे भरतकाम करतात ते गावागावाचं वेगळं. बाई रस्त्याने चालली की भरतकामावरून बघणाऱ्याला कळायचं, अमक्या गावची. मी अक्षरशः उडाले. म्हणजे पत्ता कापडावरच होता!

कापड समोर ठेवून मी टिपण काढलं. उजवी बाजू: आठ पाकळ्यांची चांदणी, तिच्याभोवती चौकटी, पुस्तकातल्या एका चित्राच्या जवळ जाणारी. डावी बाजू: दोन पक्षी, आणि एक झाड. पुस्तकात सरूचं झाड सगळीकडे होतं, पण ते सरळसोट. हे शेंड्याशी एका अंगाला वळलेलं. मी लिहिलं, 'वाकडा सरू'. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, वाकडा सरू कुठेही नाही. उजवी बाजू एका गावाची आणि डावी कुठल्याच नाही, असं कसं होईल? पुस्तक अपुरं असेल, की गाव इतकं लहान असेल की त्या मिशनरी बाईला दिसलंच नाही? मला काही कळेना.

तेव्हा नबीलची आठवण झाली.

पुण्यात त्या काळात अरब पोरं पुष्कळ शिकायला असायची. त्यातला हा एक, वाणिज्य शाखेचा. गेली तीन वर्षं रोज सकाळी यायचा, परदेशी वर्तमानपत्रांच्या रॅकजवळच्या खुर्चीत बसून वाचायचा आणि वाचून झाल्यावर घडी घालून परत ठेवायचा, म्हणून माझा आवडता. पॅलेस्टिनी आहे एवढं त्याच्या वाचक-पत्रावरून ठाऊक होतं. त्याची माणसं जॉर्डनमध्ये, अम्मानला. त्याची भाषा म्हणजे इंग्रजी आणि कॅम्पातली हिंदी यांची भेळ, मी ती इथे मराठीतच लिहिते.

मी त्याला टेबलाशी बोलावलं आणि कापड उलगडलं. तो बघतच राहिला. हात लावला नाही.

"मॅडम, हे तुमच्याकडे कसं?"

"माझं नाही. या बाईंचं." बाई शेजारच्या खुर्चीत होत्याच.

बाईंनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. रामला, घर, तीन वर्षं, सगळं. मी इंग्रजी करत होते, आणि नबीलचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत चालला होता.

"माझे आजोबा रामल्याच्याच बाजूचे," तो म्हणाला. "तुम्ही त्या घरात राहिलात?"

"राहिले," बाई म्हणाल्या.

"त्यांच्या भांड्यांत जेवलात?"

"भांडी नव्हती. आमच्या आधीच कुणी नेली होती. पण असती तर जेवले असते. खोटं कशाला बोलू?"

नबील उठला आणि निघून गेला. वर्तमानपत्र तसंच उघडं टाकून.

"चिडला," बाई म्हणाल्या. "मीही चिडले असते."

मी कुणावर चिडले होते ते मलाच कळेना. बाईंवर, की इतकं खरं बोलायची गरज काय होती? नबीलवर, की म्हातारीशी असं बोलतात? संध्याकाळी दूरदर्शनच्या बातम्यांत तिकडची दगड मारणारी पोरं दिसली, समोर बंदुका घेतलेले सैनिक, तेही पोरसवदाच. त्या सैनिकांत बाईंच्या नातेवाइकांतलं कुणी असेल आणि त्या पोरांत नबीलच्या, हे मनात आलं आणि जेवण गेलं नाही.

दोन दिवस खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशी नबील आला, सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"फोटो काढा त्याचा. रंगीत. माझा मित्र सुट्टीला अम्मानला चाललाय."

"राग गेला?"

"नाही गेला," तो म्हणाला. "पण त्या बाई एकदा तिकडे गेल्या की संपलं. इस्रायलमधून अम्मानला पत्र जात नाही, फोन लागत नाही. त्या दोन देशांत काहीच चालू नाही. जे व्हायचं ते इथूनच होईल, आणि त्या जाण्याआधी."

मी नकाशे पालथे घालत बसले होते आणि ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. बाई जिथे चालल्या होत्या तिथून ती माणसं हाकेच्या अंतरावर, आणि तिथूनच पोचायची सोय नाही. पुण्याहून होती. लक्ष्मी रोडवरच्या स्टुडिओत त्याच दिवशी फोटो काढून घेतला.

मग वाट पाहणं. बाईंचं घर रिकामं होत चाललं. भांडी गेली, शिवणयंत्र गेलं, कपाट कुणी घेऊन गेलं. बाई येऊन बसायच्या आणि आता 'काय झालं' असं विचारायच्याही नाहीत. ही बाई हे कापड मांडीवर घेऊन विमानात बसणार आणि मी बघत राहणार, असं वाटायला लागलं होतं.

एका सकाळी नबील आला तो गोंधळलेल्या चेहऱ्याने.

"काल होस्टेलवर आईचा फोन आला. तिने फोटो वस्तीतल्या सगळ्या बायकांना दाखवला. भांडण लागलंय."

"भांडण? कशावरून?"

"उजव्या बाजूबद्दल सगळ्यांचं एकमत. गाव कुठलं ते बायकांनी बघताक्षणी सांगितलं." त्याने नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण त्या माणसांना विचारलेलं नाही. "पण डावी बाजू! एक म्हणते गाझाकडची. दुसरी म्हणते नवरी एका गावची, सासर दुसऱ्या गावचं, म्हणून दोन्ही घातलं. आणि एक म्हातारी आहे, तिचं गाव पार गेलं, दगडही उरला नाही. ती म्हणते, हे आमचं. आमच्याच गावात असं झाड भरायचे, आता आठवणारी मी एकटीच उरले. रडली म्हणे. तिच्या नातींनी नमुना उतरवूनसुद्धा घेतला."

"मलाही डावी बाजूच अडतेय," मी म्हणाले आणि टिपण काढलं. "हा वाकडा सरू कुठल्याच पुस्तकात—"

"काय म्हणालीस?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वाकडा काय?"

"सरू. झाड, बाई. हे बघा ना, शेंड्याशी वळलेलं."

"ओगले, उभी राहा."

मी उभी राहिले. माझ्या विभागात, शिपायासमोर, दहाबारा वाचकांसमोर.

"ही कोयरी आहे. सहावीत दसुतीच्या रुमालावर मी स्वतः शिकवली तुला. तीनदा उसवलीस तरी शेपूट नीट वळेना तुझी. आणि हे पक्षी नाहीत, मोरांची जोडी आहे."

मी कापडाकडे पाहिलं. कोयरी. शंभर टक्के कोयरी. आमच्या घरी पलंगपोसावर होती, मावशीच्या पिशवीवर होती, अख्ख्या महाराष्ट्राच्या दसुतीवर होती. आठवडेच्या आठवडे मी ती समोर ठेवून पॅलेस्टाईनमध्ये शोधत होते! लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त म्हणजे काही समजेना.

"पण बाई, कोयरी तिथे कशी गेली?"

"जाईल कशी? मी घातली."

"तुम्ही?"

"मला हे अर्धंच मिळालं होतं. उजवी बाजू झालेली, डावी कोरी, आणि सुई टोचलेली तशीच. तेव्हा मला शिमशोनच्या वेळचे दिवस भरत आलेले. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या घरात सुई टोचलेलं अर्धवट काम ठेवायचं नाही. पुरं कर, नाहीतर चुलीत घाल. आता इतके बारीक टाके चुलीत घालायचे? हात धजेना. मग पुरं केलं. तिची चांदणी मोजायला गेले तर घरं जमेनात. मग जे हाताला येत होतं ते घातलं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? दिसतंय की! माझ्या हाताखालची पोर तू, मला वाटलं तुला कळलंच असेल."

मी नबीलला सगळं इंग्रजीत सांगितलं. तो आधी आ वासून ऐकत राहिला, मग हसायला लागला, इतका की शिपाई बघायला आला. आणि हसता हसता एकदम थांबला.

"मग त्या म्हातारीला काय सांगू? आमच्या गावचं म्हणून रडली ती."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कोयरीच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

"तिला काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "भरू देत तिच्या नातींना. कोयरी काय माझ्या बापाची आहे?"

हे बरोबर की चूक, मला तेव्हाही कळलं नाही. ज्या बाईने आपलं आयुष्य टाके खरे असावेत यात घालवलं, तीच हे म्हणत होती. पण नबीलने मान डोलावली आणि ठरलं ते तसंच. आईला मात्र त्याने निरोप दिला, की फक्त उजवी बाजू बघा, डावी एका हिंदुस्थानी बाईने भरली आहे.

त्यानंतर उत्तर पटकन आलं. गाव एक झालं तसा शोध सोपा झाला. त्या गावच्या एका माणसाने रामल्याला घर बांधलं होतं. त्याची मुलगी, रस्मिया, अम्मानलाच होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, त्या बाईंशी बोलायचं आहे. शुक्रवारी दुपारी ती नबीलच्या आईकडे येणार होती. बाईंचं विमान रविवारी होतं.

शुक्रवारी आम्ही तिघं ग्रंथालयाशेजारच्या टेलिफोन बूथमध्ये गेलो. काचेच्या खोलीत नबील, दार उघडं ठेवून स्टुलावर बाई, आणि दाराला टेकून मी. बाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. कापड धुऊन, इस्त्री करून, अभ्र्यात घालून आणलं होतं, नबीलकडे सोपवायला. चेहऱ्यावर असं समाधान की मला शाळेतलं बक्षीस समारंभाचं बाईंचं रूप आठवलं.

फोन लागला. नबील अरबीत बोलला, ऐकलं, आणि आमच्याकडे वळला.

"ती विचारतेय, घरात नक्की कुठे मिळालं?"

"खात्री करून घेतेय," बाई म्हणाल्या. "घेऊ दे. बरोबर आहे तिचं. सांग, स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक कोनाडा होता. मला तो उथळ वाटला, म्हणून मागची वीट हलवून बघितली तर सुटून आली. तिच्या मागे जुन्या फडक्यात गुंडाळलेलं होतं."

नबीलने सांगितलं. तो दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाला.

"बोलत नाहीये."

मग मला दारातून ऐकू आला तो आवाज. रडणं नव्हतं ते सुरुवातीला. कुणाचा श्वास अडकावा तसं काहीतरी. बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

"काय झालं? काय म्हणतेय?"

"विचारतेय, विटेच्या मागे? नक्की विटेच्या मागे?"

"हो म्हणून सांग! शपथेवर सांग."

नबील ऐकत राहिला आणि तुकड्या तुकड्याने सांगत राहिला. रस्मियाचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या झग्यासाठी ती हे भरत होती. आणि एक दिवस ते नाहीसं झालं. घरात चुलतबहीण राहायला आलेली, हलीमा. तिला ते फार आवडलं होतं, माझ्यासाठीही भर म्हणायची. रस्मिया धरून चालली, हिनेच घेतलं. आई म्हणत होती, शांत राहा, मिळेल. बहुतेक नजर लागू नये म्हणून आईनेच लपवलं असणार, लग्नाच्या दिवशी काढून देणार असणार. पण त्याच आठवड्यात सगळ्यांना घराबाहेर काढलं. उन्हात चालत निघाले. आई वाटेतच गेली, बोलायचं राहून.

"आणि वाटेत," नबील म्हणाला. "वाटेत हिने हलीमाला सगळ्यांसमोर गाठोडं उघडायला लावलं. म्हणाली, दाखव काय चोरलंस. हलीमाने उघडलं. काही नव्हतं. तरी हिने म्हटलं, विकलं असशील. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. एकाच गल्लीत राहायच्या छावणीत. मुलं वाढली, लग्नं झाली. कधीच बोलल्या नाहीत."

"आता बोलतील की," बाई म्हणाल्या. "तिला सांग, आता जा म्हणावं, आजच जा."

नबीलने ते सांगितलं नाही. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "हलीमा गेल्या हिवाळ्यात वारली. ही दुखवट्यालाही गेली नाही."

बाई स्टुलावर बसल्या.

फोनमधून आवाज येत होता. नबील ऐकत होता. मग त्याने फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"म्हणतेय, कापड मला नको. हलीमाच्या मुलीला द्या. पण देताना तिला सांगायचं काय? ती मला विचारतेय, मॅडम, तिला काय सांगायचं?"

तो माझ्याकडे बघत होता, संदर्भ विभागाच्या प्रमुखांकडे, जणू मी उठून कपाटातून काढून देणार होते.

तेवढ्यात बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"रस्मिया, अगं मी मिल्का," त्या म्हणाल्या. मराठीत. "रडू नको गं. तुझी आई चांगली होती, तिने जपून ठेवलं होतं. हलीमाही चांगली होती. तू लहान होतीस. चूक माझी आहे. माझ्या पेटीत होतं ते, इतकी वर्षं पेटीत होतं, तुझी हलीमा जिवंत होती तेव्हाही माझ्या पेटीतच होतं गं!"

पलीकडची बाई अरबीत काही म्हणाली. बाई मराठीत काही म्हणाल्या. नबील भाषांतर करायला पुढे झाला आणि मग तसाच मागे सरला. बूथवाला काचेतून टकमक बघत होता, पण काही म्हणाला नाही. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. एकीचं दुसरीला अक्षरही कळत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. बाईंनी अभ्रा नबीलच्या हातात दिला.

"हलीमाच्या मुलीला," त्या म्हणाल्या.

"हो," नबील म्हणाला. त्याने वाकून बाईंचा हात कपाळाला लावला आणि वळून न बघता चालू लागला.

आम्ही दोघी रिक्षासाठी उभ्या राहिलो. बाईंचे डोळे पुसून झाले होते, चेहरा मात्र मी आधी कधी न पाहिलेला होता. त्या हलक्या मनाने विमानात बसणार होत्या, तेवढ्यासाठी तर हे सगळं केलं होतं.

"ओगले," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी येऊन विचारलं असतं तुला, हलीमा असताना, तर सापडली असती का गं रस्मिया?"

नबील गेली तीन वर्षं, म्हणजे गेल्या वर्षीही, रोज सकाळी माझ्या टेबलापासून दहा पावलांवर बसत होता.

"नाही, बाई," मी म्हणाले. "गेल्या वर्षी नसती सापडली."

बाईंनी मान हलवली, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.